दोष आढळला नाही

मशीनच्या पडद्याच्या डाव्या कडेला, आठ पट्ट्यांपैकी पहिल्या पट्टीच्या अगदी माथ्यावर, अंगठ्याचा एक तेलकट ठसा होता. साधारण दोन सेंटिमीटर लांब, उजवीकडे किंचित कललेला. वळ्या मोजता येतील इतका स्पष्ट. तिने सवयीने मोजायला सुरुवातही केली आणि सातव्या वळीपाशी सोडून दिलं, कारण तिथे काहीतरी वाळून चिकटलेलं होतं, पिवळसर, मोहरीच्या दाण्याएवढं. ते काय असेल याचा विचार करायचा नाही असं तिने ठरवलं, आणि ठरवलं म्हणूनच तो विचार आला. ठशाच्या मागे हिरवी पट्टी तळापासून टोकापर्यंत भरलेली होती. शंभर. तिच्या शेजारच्या सात पट्ट्या तळाशी जेमतेम रेघेएवढ्या होत्या. तीन, दोन, चार, दोन, एक, तीन, दोन. हे सात आकडे दर सेकंदाला आपसात जागा बदलल्यासारखे हलत होते. शंभर मात्र ढिम्म. आठ कोअर म्हणजे मशीनच्या मेंदूतले आठ कामकरी. त्यांतला एक घामाघूम झालेला आणि सात जण हाताची घडी घालून उभे. तिला धक्का बसला तो हे पाहून नव्हे. हे पाहून आपल्याला जराही नवल वाटलं नाही, याचा बसला.

खोली म्हणायची मशीनची, पण मूळची ती मळक्या चादरींची. अतिदक्षता विभागाच्या मागच्या भिंतीला लागून, खिडकी नसलेली, आडवे हात केले तर दोन्ही भिंतींना बोटं लागतील एवढी. एका बाजूला लोखंडी कपाटात तिच्या कंपनीचं मशीन, दुसऱ्या बाजूला गाठी मारलेल्या चादरींच्या पिशव्या. एका पिशवीची गाठ सुटली होती आणि तोंडातून जीभ बाहेर पडावी तसा एका चादरीचा कोपरा बाहेर लोंबत होता, तपकिरी कडा असलेला. वास एकच नव्हता. वर जंतुनाशकाचा, त्याखाली आंबूस घामाचा, त्याखाली जुन्या लघवीचा, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक गोडसर, कोमट वास. तो कशाचा ते ओळखू येऊ नये म्हणून ती तोंडाने श्वास घेत होती. मग तो वास जिभेवर बसला. मशीनच्या पंख्याच्या जाळीवर धुळीचा जाड थर साचला होता आणि त्यात केस अडकले होते, लांब, पांढरे, कोणाकोणाचे. या जाळीतून येणारी गरम हवा तिच्या मनगटावर एखाद्याच्या श्वासासारखी लागत होती. तिने हात मागे घेतला. पडदा पुसायला हवा होता, तो तिने पुसला नाही.

नऊ दिवसांपूर्वी, सकाळी सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी, चौदा नंबरच्या खाटेवरच्या माणसाचं हृदय थांबलं होतं. तो बसकंडक्टर. विभागातल्या वीसही खाटांच्या तारा या मशीनला येऊन मिळत, आणि कुठे काही बिघडलं की मधल्या टेबलावर भोंगा वाजे. खाटेशेजारच्या यंत्रांचे आवाज बंद ठेवायचे, रोग्यांची झोप मोडते, असा तिथला नियम होता. त्यामुळे जे काय कळायचं ते या एका भोंग्यावरून. मशीनच्या नोंदीत लिहिलं होतं: धोका, सात एकेचाळीस आठ सेकंद. नर्सने बटण दाबून भोंगा थांबवला, सात बेचाळीस शून्य. मधे बावन्न सेकंद. कंडक्टर जगला. पण आता बायकोकडे तो अनोळखी प्रवाशाकडे पाहावं तसा पाहतो, असं कोणीतरी म्हणालं. नर्सचं म्हणणं होतं, भोंगा वाजल्याबरोबर मी धावले, मोजून पाच सेकंदांत. भोंगाच उशिरा वाजला. तिला त्याच संध्याकाळी निलंबित केलं होतं. कागदावर बावन्न होते, आणि कागद खोटं बोलत नाही असं हॉस्पिटलचं म्हणणं. कागद खोटं बोलतही नव्हता. नोंद लिहिणारा प्रोग्रॅम वेगळा होता; त्याने धोका कळल्याची वेळ लिहिली होती. भोंगा वाजल्याची वेळ कोणी लिहीतच नव्हतं.

भोंगा का अडला असेल हे तिला मशीन उघडायच्या आधीच ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत फरक करायची तिला शिस्त होती. म्हणून तिने विभागातल्या कारकुनाला, सकाळच्या राउंडच्या आधी करता तसंच करा, म्हणून सांगितलं होतं. इथल्या मोठ्या डॉक्टरांना पडद्यावर आलेख सरकवत बसायचा तिटकारा. त्यांची राउंड सुरू व्हायच्या आत वीसही रोग्यांचे गेल्या चोवीस तासांचे आलेख छापून, टाचून, ज्याच्या त्याच्या खाटेच्या पायथ्याशी लटकलेले लागत. त्यामुळे रोज सकाळी पावणेआठच्या सुमाराला कारकून वीसच्या वीस आलेख एकदम उघडायचा. हे दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात होत नव्हतं. कंपनीत कोणी कधी करून पाहिलं नव्हतं. आलेख काढणारा प्रोग्रॅम तेवढा वेळ फुरसत म्हणून घेत नसे, आणि भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम त्याच कोअरच्या दाराशी रांगेत ताटकळत उभा राही. शेजारी सात दारं सताड उघडी.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कामं वाटून देणारा जो भाग असतो, त्याला त्यांच्या ऑफिसात सगळे मुकादम म्हणत. मुकादम तसा शहाणा असतो. कोण रिकामा आहे ते बघतो आणि त्याच्या हाती काम देतो. पण त्याला कोणी लेखी सांगून ठेवलं, की हे काम याच्याखेरीज कोणाला द्यायचं नाही, तर तो मुकाट ऐकतो. मग रिकामे सात जण दिसत असूनही त्यांच्याकडे बघत नाही. पाच वर्षांपूर्वी एका प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी पडद्यावरची हृदयाची रेघ अडखळत होती. मुकादम ते काम कधी या कोअरवर, कधी त्या कोअरवर टाकत होता, आणि जागा बदलली की हाताशी मांडून ठेवलेलं सामान दर वेळी मागेच राहत होतं. तिने एक ओळ लिहिली. आलेख काढणारा प्रोग्रॅम पहिल्या कोअरला बांधून टाकला आणि त्याला पहिला मान दिला. रेघ लोण्यासारखी सरकू लागली. टाळ्या झाल्या. ओळीत चूक नव्हती. पुढच्या वर्षी एका सहकाऱ्याने भोंग्याचा वेगळा प्रोग्रॅम केला आणि तो आलेखाच्या प्रोग्रॅमच्या पोटातून सुरू होईल असा बेतला. पोटी जन्मलेल्याला आईबापाची बंधनं आपोआप मिळतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या कोअरची साखळी भोंग्याच्या पायात आली, मान मात्र आला नाही. सहकारी नोकरी सोडून गेला. असं पाहिलं तर गुन्हेगार कोणीच नव्हतं. हा विचार तिला त्या खोलीत, त्या वासात, आला आणि तिला तो हाताला लागलेल्या ओल्या कशासारखा वाटला.

कारण ती या खोलीत पहिल्यांदाच येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी याच नर्सने एक तक्रारअर्ज लिहून दिला होता. पिवळा कागद, कोपऱ्यात औषधाचा जांभळा डाग, अक्षर उतरतं. ‘भोंगा कधी कधी उशिरा वाजतो. सकाळी जास्त. मी दोनदा घड्याळ लावून पाहिले. सहा सेकंद. कृपया बघावे.’ सहा सेकंद! तेव्हा आठच खाटा होत्या. तिला आठवलं, तो कागद तिने दोन बोटांच्या चिमटीत, कोपऱ्याला धरला होता. आठवलं, की इथे आली तेव्हा दाराशेजारी एक भरलेली लघवीची बाटली ठेवलेली होती, उघडीच.  तिने मशीन उघडलं, पट्ट्या पाहिल्या. एक भरलेली, सात रिकाम्या. याचं मूळ शोधायचं तर इथे दिवसभर बसावं लागेल, दोन-तीन सकाळी यावं लागेल, त्या बाटलीशेजारी. तिने खिडकी बंद केली. पडद्यावरची खिडकी, खोलीला नव्हतीच. आणि अर्जाच्या तळाशी, स्वच्छ, सरळ, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं: तपासले. दोष आढळला नाही. खाली सही म्हणजे नुसती एक वेलांटी, कोणाची म्हणून सांगता येणार नाही अशी. ऑफिसात पोचल्यावर बघू, असं गाडीत बसताना ती स्वतःला म्हणाली होती. ऑफिसात पोचल्यावर तिने पहिल्यांदा हात धुतले, आणि हातांबरोबर तेही धुऊन गेलं. गेलं असं तरी तीन वर्षं वाटत राहिलं.

तिचे कंपनीतले साहेब गाडी चालवताना पेनाच्या टोपणाने कान कोरत. आजही, हॉस्पिटलातून परतताना, कोरत होते. टोपणाच्या टोकाला जे आलं ते त्यांनी लाल दिव्यापाशी थांबल्यावर निरखून पाहिलं आणि सीटच्या कडेला पुसलं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. “सापडलं ना?” ते म्हणाले. “सापडलं,” ती म्हणाली आणि दोन वाक्यांत सांगितलं. ओळ, साखळी, रांग. साहेब एके काळी स्वतः उत्तम प्रोग्रॅम लिहीत. त्यांना दोन वाक्यं पुरली. त्यांनी शीळ घातली. “म्हणजे तुझी ओळ.” “माझी.” “आणि त्याचा भोंगा.” “हो.” “अगं, मग कोणाचंच नाही की! दोन भले लोक अंधारात एकमेकांवर आपटले, इतकंच. हे बघ, ओळ काढ, नवीन आवृत्ती चढव, गाजावाजा नको. अहवालात लिहू की खबरदारी म्हणून सुधारणा केली. नोंद आहे तशी आहे. ती काय आपण लिहिली?” “आणि नर्स?” साहेबांनी हॉर्न वाजवला, समोर कोणी नसताना. “नर्स हॉस्पिटलची. आपण तिचे मामा की काका? आणि एक विसरू नकोस, तिची तीन वर्षांपूर्वीची तक्रार आहे ना, त्याच्यावर आपल्या कोणाचा तरी शेरा आहे, दोष आढळला नाही म्हणून. देवच पावला म्हणायचा. नाहीतर अंगाशी आलं असतं. कोण गेलं होतं गं तेव्हा?” ती म्हणाली, “बघावं लागेल.” खोटं बोलताना तिचा आवाज बदलला नाही, हे तिने टिपून ठेवलं. “बघू नकोस,” साहेब म्हणाले. “झाकली मूठ.” आणि त्यांनी टोपण पेनाला परत बसवलं, ते पेन खिशात ठेवलं आणि तोच हात पुढे करून तिला खोकल्याची गोळी दिली. तिने घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. ती उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवलेली गोळी घामाने पाघळली होती.

घरी आल्यावर तिने आंघोळ केली आणि तासाभराने पुन्हा केली. बाहेर ताई मशीनवर पडदे शिवत बसली होती. तिला शिवणकामाची घरबसल्या कामं येत. आई गेल्यापासून दोघी बहिणी या दोन खोल्यांत. “काय गं, परत?” ताईने दोरा दातांनी तोडला. “हॉस्पिटलात गेले होते.” “मग? हॉस्पिटल आलं का मागोमाग घरी?” “वास जात नाही.” ताईने तिच्याजवळ येऊन हुंगून पाहिलं, लहानपणी हुंगायची तसं. “साबणाचा येतोय. अर्धी वडी संपवलीस. उद्यापासून तुझा साबण तू आण बाई.” ती हसली नाही, तेव्हा ताईने मशीनच्या पायडलवरचा पाय काढला. “झालंय काय?” “एका नर्सवर आळ आलाय.” “खोटा?” “हो.” “तुला काय माहीत?” “मला माहीत आहे.” “मग सांगून टाक की. नर्स कशाला घोरात?” “तितकं सोपं नाही ते.” “सोपं काय असतं गं?” ताई दोरा ओवायला लागली, सुईकडे बघत. “आईची पाठ पुसणं सोपं होतं होय?”  मग ताईच म्हणाली, “तुला उद्देशून नाही म्हटलं मी. तुला पहिल्यापासून ओकारी यायची, त्याला कोण काय करणार. बाबांना ताप आला तरी तू अंगणात झोपायचीस.” आणि तिने मशीन सुरू केलं. ताईच्या या माफ करण्याचा तिला राग आला. तो इतका सहज, इतका वापरून मऊ झालेला होता, जुन्या लुगड्याच्या चिंधीसारखा.

शेवटचे चार महिने आई आतल्या खोलीत होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. ती बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसे, दार ओढून घेऊन, उदबत्त्यांचा पुडा उशाशी ठेवून. आई हाक मारी. कोणाचं नाव घेत नसे, नुसतं ‘अगं’. त्या ‘अगं’मध्ये दोघी मुली येत. ती हाक ऐकली की तिचे हात कळांवर थांबत आणि ती मोजू लागे. ताईची पावलं येईपर्यंत सरासरी नऊ सेकंद. कधी सहा, कधी चौदा. चौदाच्या वर कधी नाही. पावलं ऐकू आली की ती पुढचं अक्षर दाबी. एके दुपारी ताई कापड आणायला गेली होती. जाताना सांगून गेली होती, चपला घालताना, ऐकलंस का गं, म्हणून. ‘अगं,’ आई म्हणाली. ती मोजत राहिली. वीस. तीस. येणार कोणी नाही हे तिला माहीत होतं. माहीत असूनही मोजणं थांबेना, जणू मोजण्याने पावलं तयार होणार होती. साठाच्या पुढे आईने हाक मारणं सोडून दिलं. दोन मिनिटांनी ती उठली, दारापर्यंत गेली, कडीला हात लावला, आणि आतून तो वास आला. ती तशीच उभी राहिली, कडीचा गार लोखंडी दांडा तळहातात, ताईची किल्ली बाहेरच्या दारात फिरेपर्यंत. आत गेल्यावर ताईने काही विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही. ओली चादर बादलीत टाकल्याचा आवाज तेवढा आला. किळस हा गुण आहे असं ती कित्येक वर्षं समजत आली होती. एक प्रकारची शुद्धता, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांसारखी. विज्ञानाकडे ती वळली तेही, आता वाटतं, तिथे हातमोजे असतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या चाचणीखोलीत तिने वीस खोटे रोगी उभे केले. खोट्या खाटा, खोट्या नाड्या, स्वच्छ, बिनवासाच्या. वीसही आलेख एकदम उघडले आणि चौदा नंबरचं हृदय थांबवलं. घड्याळ हातात. पहिल्या खेपेला सत्तेचाळीस सेकंद. दुसऱ्या खेपेला शेहेचाळीस. दहा खेपा केल्या. सरासरी सत्तेचाळीसच्या आसपास. बावन्नातून सत्तेचाळीस वजा केले की पाच उरतात. नर्स म्हणत होती तेवढेच. दहाव्या खेपेला तिने घड्याळाकडे न बघता नुसतं ऐकायचं ठरवलं. सत्तेचाळीस सेकंद शांतता ऐकली. ती किती लांब असते याची तिला कल्पना होती असं तिला वाटलं होतं. मग तिने ओळ काढली. भोंगा अर्ध्या सेकंदाच्या आत वाजला. मुकादमाने तो पाचव्या कोअरवर टाकला, मग तिसऱ्या, मग सातव्या, जो मोकळा असेल त्याच्यावर. एवढंच होतं. एक ओळ खोडायची, दिवसभराचं काम आणि फार तर दोन सकाळी. संध्याकाळपर्यंत नवीन आवृत्ती हॉस्पिटलात चढली. आता कोणाच्या जिवाला धोका नव्हता. उरली होती फक्त एक नर्स. ‘फक्त’ हा शब्द आपल्या मनात आपणच उच्चारला हे लक्षात आलं तेव्हा ती जेवणघरात होती, आणि समोरच्या ताटातल्या भाताची शितं तिला एकाएकी एकमेकांना चिकटलेल्या, फुगलेल्या, पांढऱ्या किड्यांसारखी दिसली. ताट तिने तसंच परत केलं.

मग दिवस गेले. रोज सकाळी दात घासताना ती ठरवी की आज साहेबांना सांगायचं, आणि फेस थुंकताना ते भिजत घोंगडं पुन्हा बादलीत टाकी. ओळीची कबुली तिने चटकन दिली होती, आणि त्यातली चलाखी आता तिला दिसत होती. ओळ कबूल करायला काही लागत नाही. ओळ ही चूक. चूक सगळ्यांच्या होतात, चूक करणाऱ्याला लोक खुर्ची देतात, पाणी देतात. पण पाहिलेलं न पाहिलं म्हणून लिहिणं ही चूक नव्हती. त्याला नाव दुसरं होतं, आणि त्या नावाला खुर्ची मिळत नसते. नोकरी जाईल. जाऊ दे, असं मनात म्हणून पाहिलं; ते खरं वाटलं नाही. पट्ट्या डोळ्यांपुढे येत, डोळे मिटले की हिरव्या, एक भरलेली, आणि वर तो अंगठ्याचा ठसा. कधी कधी वाटे की तो ठसा तिचाच असेल, तीन वर्षांपूर्वीचा. ते शक्य नव्हतं. पडदा गेल्या वर्षीच बदलला होता. तशी नोंद तिने स्वतः तपासली होती, इतकी ती घाबरली होती.

चौकशी हॉस्पिटलच्याच एका खोलीत झाली. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुन्या सभांच्या चहाचे गोल. अधीक्षक मधे, शेजारी मेट्रन, समोर साहेब आणि ती. नर्स टेबलाच्या टोकाला एकटी बसली होती. गणवेश नव्हता, साध्या साडीत ती लहान दिसत होती, आणि तिचे हात तिच्या मानाने खूप मोठे, पाण्याने आणि औषधांनी सोलवटलेले, नखांपाशी भेगा पडलेले. साहेबांशेजारी बसलेली ती त्या हातांकडे पाहत राहिली. त्या हातांनी काय काय उचललं असेल याची यादी मनात सुरू झाली, आणि नेहमीसारखं पोटातून वर आलं. पण आज त्याला जायला वाट दुसरीच सापडली. हात ते नव्हते, ज्यांची शिसारी यावी. ज्यांची यायला हवी ते टेबलाखाली, तिच्याच मांडीवर, स्वच्छ, कोरडे, एकावर एक ठेवलेले होते.

साहेबांनी अहवाल वाचला. खबरदारीची सुधारणा, नोंदींची विश्वासार्हता, मनुष्याचा प्रतिसाद. वाचताना ते दोनदा थांबून पाणी प्यायले आणि दोन्ही वेळा ओठांच्या कोपऱ्यात थेंब राहिला. अधीक्षकांनी मान हलवली. “सिस्टर, तुम्हाला काय म्हणायचंय?” “मी म्हटलंय,” नर्स म्हणाली. “किती वेळा म्हणू? भोंगा वाजला, मी धावले. वाजायच्या आधी कशी धावू? मला काय स्वप्न पडतं?” “नीट बोला,” मेट्रन म्हणाल्या. “नीटच बोलतेय मॅडम. हे मी आज नाही बोलत. तीन वर्षांपूर्वी लिहून दिलंय.” अधीक्षकांनी फाइलमधून तो पिवळा कागद काढला. जांभळा डाग फिका झाला होता. चष्मा लावून त्यांनी खालची ओळ मोठ्याने वाचली, “तपासले. दोष आढळला नाही.” कागद त्यांनी काचेवर ठेवला. “आता यावर काय म्हणाल?”

“यांच्या तक्रारी कायमच्याच, सर,” मेट्रन म्हणाल्या. “गेल्या वर्षी पडद्यांची होती. त्याच्या आधी नळाची.”

“पडदे फाटलेलेच होते,” नर्स म्हणाली. “नळ अजून गळतोय. बघून या.”

साहेब हसले, हसू दाबल्यासारखं करून. त्यांनी शेजारी बसलेल्या तिच्याकडे पाहिलं, तीही हसेल म्हणून. नर्सने ते हसू पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम विझला. रागही निघून गेला. ती टेबलाशी बोलल्यासारखी बोलू लागली. “तेव्हा एक बाई आल्या होत्या. मीच त्यांना खोली दाखवली. नाकाला रुमाल लावून आल्या, निळा रुमाल, डोळे तेवढे दिसत होते. मी म्हटलं, मॅडम, सकाळी या, राउंडच्या वेळी, तेव्हाच होतं. त्या हो म्हणाल्या. वीस मिनिटांत गेल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. त्या बसल्याच नाहीत.”

रुमाल तिच्या आठवणीत नव्हता. तीन वर्षांत एकदाही नव्हता. वास होता, बाटली होती, कागदाचा कोपरा होता. पण स्वतःच्या तोंडावरचा रुमाल तिला आतून कसा दिसणार? आता तो दिसला, निळा, इस्त्रीचा, आणि त्याच्यावर दोन डोळे. खुर्चीही दिसली. पुसलेली, ओलसर. ‘हो’ हा शब्दही ऐकू आला, तिच्याच आवाजातला, रुमालातून दबून आलेला. नर्स ते डोळे आता ओळखेल असं तिला वाटलं. नर्सने तिच्याकडे पाहिलं आणि नजर पुढे सरकली, भिंतीवरून सरकावी तशी. नर्सने ओळखलं नाही. कोणीच ओळखलं नव्हतं. अधीक्षक फाइलचा बंद बांधत होते. “ठीक आहे,” ते म्हणाले, “मग आपण...” साहेब खुर्ची मागे सारत होते. नऊ सेकंद गेले, की चौदा. तिने या खेपेला मोजले नाहीत.

“त्या बाई म्हणजे मी,” ती म्हणाली.

साहेबांचा हात तिच्या कोपरापाशी आला. तिने कोपर काढून घेतलं नाही, तिला त्याचं भानच नव्हतं. ती नर्सकडे पाहून बोलत होती, अधीक्षकांकडे नाही.

“दोष होता, सिस्टर. पहिला कोअर शंभर टक्के भरलेला आणि बाकीचे सात रिकामे. मला दिसला होता. सहा सेकंद तुम्ही बरोबर मोजले होते, आणि या वेळचे पाचही. मी पाहिलं, आणि दोष आढळला नाही असं लिहिलं. कारण मला वास सहन होत नव्हता आणि तिथून लवकर बाहेर पडायचं होतं.”